कायदा ‘केला’, ‘बनवला’ की ‘अधिनियमित’? कुठे काय लिहावं

कोर्टाजवळच्या आमच्या टायपिंगच्या दुकानात मागे एका सोसायटीचे सेक्रेटरी कागद घेऊन आले. वरच ठळक अक्षरात: ‘सर्वसाधारण सभेने पार्किंगबाबत खालील कायदा अधिनियमित केला आहे.’ मी म्हटलं, “काका, हे काम दिल्लीत नाहीतर मुंबईत होतं, सोलापुरात नाही.” ते म्हणाले, “मग काय लिहू? केला, बनवला, मंजूर केला, पास केला, सगळं एकच की!”

एकच नाही. पण गोंधळ त्यांचा एकट्याचा नाही. अभ्यासिकेतली पोरं निबंध टाईप करायला आणतात, त्यातही हेच.

आधी ‘करणे’ आणि ‘बनवणे’. आपल्याकडे भाकरी करतात, स्वयंपाक करतात, तसाच कायदाही करतात. ‘कायदा बनवला’ हे हिंदीच्या वळणानं आलंय. टीव्हीवर ऐकून ऐकून आता खटकतही नाही, आणि बोलताना कुणी म्हटलं तर मी अडवत नाही. लिहिताना मात्र ‘केला’च घ्या. शब्द छोटा आहे आणि संसदेपासून विधानसभेपर्यंत सगळीकडे चालतो. कुठला शब्द घ्यावा कळेना झालं, तर डोळे झाकून हाच.

‘संमत’, ‘मंजूर’, ‘पारित’ आणि ‘पास’ हे चारही शब्द विधेयकाचे. सभागृहात मांडलं जातं ते विधेयक. कायदा ते नंतर होतं. म्हणून ‘संसदेत कायदा मांडला’ हे चूक. या चारांत मी ‘संमत’ निवडतो. ‘मंजूर’ही बरोबर आहे, पण रजा मंजूर होते, कर्ज मंजूर होतं, म्हणजे एकानं मागितलं आणि दुसऱ्यानं दिलं असा वास त्याला आहे. ‘संमत’मध्ये सभेचा होकार ऐकू येतो. ‘पारित’ पुन्हा हिंदीच्या वाटेवरचा. ‘पास’ चहाच्या टपरीवर ठीक.

आता ‘अधिनियमित’. हा शब्द आपण प्रत्येकानं शाळेत तोंडपाठ म्हटलाय. पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीच्या पानावरची उद्देशिका आठवा: ‘…हे संविधान अंगीकृत आणि अधिनियमित करून स्वतःप्रत अर्पण करीत आहोत.’ आणि त्यानंतर जन्मात कधी वापरला नाही! त्याची जागाच तशी आहे. कायद्याच्या मसुद्यात, राजपत्रात, निकालपत्रात शोभतो. कायद्याचं नाव लिहितानाही ‘अधिनियम’च लिहायचं: माहितीचा अधिकार अधिनियम, २००५. पण बातमीत किंवा निबंधात ‘सरकारने अधिनियमित केले’ लिहिलंत, तर वाचणारा तिथेच अडखळतो. शिवाय कायदा सरकार करत नाही, विधिमंडळ किंवा संसद करते.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या ‘कायदा झाला’ आणि ‘कायदा अमलात आला’ यांत. भारतीय न्याय संहितेचं उदाहरण घ्या. लोकसभेत २० डिसेंबर २०२३ला आणि राज्यसभेत दुसऱ्या दिवशी विधेयक संमत झालं. २५ डिसेंबरला राष्ट्रपतींनी अनुमती दिली, म्हणजे कायदा झाला. अमलात आला तो १ जुलै २०२४ला. मधल्या काळात, २०२४च्या जानेवारीत, ट्रकवाल्यांनी संप केला, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. त्यांचा राग होता तो अपघातात जीव घेऊन पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगणाऱ्या पोटकलमावर. बाकीची संहिता १ जुलैला अमलात आणली, तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवलं. कायदा केलेला, पण त्यातला तेवढा तुकडा लागू नाही. इथे ‘केला’च्या जागी ‘लागू केला’ लिहिलंत, तर अख्खा अर्थच फिरतो.

‘अंमलबजावणी’ आणखी निराळी. हेल्मेटचं कलम मोटार वाहन अधिनियमात १९८८पासून आहे, लागूही आहे. अंमलबजावणीचं काय, ते कुठल्याही चौकात दोन मिनिटं उभं राहून मोजा.

सभागृहाचं अधिवेशन चालू नसताना राज्यपाल किंवा राष्ट्रपती काढतात तो वटहुकूम. तो ‘काढतात’ किंवा ‘जारी करतात’. ‘संमत’ होत नाही. जादूटोणाविरोधी कायद्याचा वटहुकूम ऑगस्ट २०१३मध्ये निघाला, विधेयक संमत झालं डिसेंबरमध्ये. दोन घटना, दोन क्रियापदं.

आणि आपल्या गावाला ठाऊक असलेलं एक क्रियापद: ‘पुकारणे’. मे १९३०मध्ये सोलापुरात मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, पुकारला गेला. त्यासाठी व्हाइसरॉयनं वटहुकूम काढला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात फाशी झाली. लष्करी कायद्याला ‘केला’ म्हणत नाहीत. तो कुणाला न विचारता वरून पुकारला जातो, संपासारखा, बंदसारखा, युद्धासारखा.

तर सेक्रेटरी काका. सोसायटी ठराव मंजूर करते, नियम करते. उपविधी, म्हणजे सोसायटीचे बायलॉज, बदलायचे असतील तर दुरुस्ती सभेत मंजूर करून निबंधकांकडे नोंदवावी लागते, तोपर्यंत ती लागू नाही. त्यांचा मामला दोन गाड्या आणि एका खांबापुरता होता. मी टाईप केलं: ‘सर्वसाधारण सभेने पार्किंगबाबत खालील ठराव मंजूर केला आहे.’

त्यांनी चष्मा वर करून वाचलं, मान डोलावली, पैसे दिले. पायरी उतरता उतरता वळून म्हणाले, “बरोबर आहे तुमचं. पण ‘अधिनियमित’नं तिसऱ्या मजल्यावरचा जरा घाबरला असता.”