ढिल्या हेडसेटची दुरुस्ती म्हणून कार्बनची फ्रेम बाद करून दिली

जळगाव-भुसावळकडे आता बऱ्याच जणांकडे कार्बनच्या माउंटन बाईक आल्या आहेत. त्या उघडून नीट दुरुस्त करणारा माणूस मात्र जवळपास सापडत नाही, म्हणून आपण पुण्या-मुंबईकडे किंवा मोबाईलवर दिसणाऱ्या व्हिडिओंकडे बघतो. मीही तेच केलं आणि फसलो. ज्याच्याकडे सायकल दुरुस्तीला दिली त्या माणसाचं नाव इथे लिहीत नाही, कारण तक्रार चालू आहे. त्याने काय केलं आणि मला ते का कळलं नाही, ते मात्र सगळं सांगतो.

सायकल मी २०१९ मध्ये नवी घेतली. पाटणादेवी, मनुदेवी, पाल, जमेल तिथे सातपुड्यात आणि गौताळ्याच्या बाजूला तिच्यावर हिंडलो. मागच्या दिवाळीनंतर पुढचा ब्रेक दाबला की हँडलखालून ‘टक’ असा आवाज येऊ लागला. हँडलच्या वर मधोमध जी टोपी असते तिचा बोल्ट थोडा आवळला की दोन दिवस आवाज बंद, मग पुन्हा सुरू. असं जवळजवळ दोन महिने चाललं आणि मी तशीच चालवत राहिलो. ती चूक माझी. आपल्याकडच्या काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक असते. हँडल ज्या बेअरिंगवर फिरतं तो हेडसेट, आणि ती बेअरिंग फ्रेमच्या पुढच्या नळीच्या भोकात ज्यात बसतात त्या वाट्या. वाटी एकदा हलायला लागली की ती धूळ फटीत शिरते आणि आतून घासत राहते.

शेवटी चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा फोर्क, खाली काढून पाहिला, तर खालची वाटी नुसत्या बोटाने बाहेर आली. तिच्यावर पांढरी भुकटी होती. अ‍ॅल्युमिनियम आणि कार्बन एकमेकांना लागून असले आणि मध्ये घाम-पाणी गेलं की अ‍ॅल्युमिनियम गंजतं, त्याची ही भुकटी. माझ्या फ्रेमला वर ४४ आणि खाली ५६ मिमीच्या वाट्या बसतात. वाटी भोकापेक्षा केसभर मोठी असते, मिलिमीटरचा साधारण दहावा भाग, आणि त्या ताणावरच ती आत धरून राहते. माझी धरून राहत नव्हती. पण फ्रेमला तडा नव्हता, भोक हाताला गोल लागत होतं. हे नीट लक्षात ठेवा, कारण त्या दिवशी फ्रेम वाचवण्यासारखी होती.

एका मोठ्या शहरातला एकजण कार्बन दुरुस्तीचे व्हिडिओ टाकायचा. त्याला फोटो पाठवले. तो म्हणाला, “सर, टेन्शन घेऊ नका, आत अ‍ॅल्युमिनियमची स्लीव्ह बसवून देतो, पुन्हा कधी हलणार नाही.” स्लीव्ह म्हणजे भोकात बसणारं नळीसारखं कडं. मी फ्रेम आणि चिमटा बांधून ट्रॅव्हल्सच्या गाडीने स्वतः घेऊन गेलो. दुकान स्वच्छ, भिंतीवर हत्यारं ओळीने लावलेली. मी माप विचारलं, तेव्हा म्हणाला, “ते आमच्यावर सोडा.” तिथेच मी थांबायला हवं होतं. ज्याला स्लीव्ह बसवायची आहे त्याला माप घेतल्याशिवाय सुरुवातच करता येत नाही.

आठ दिवसांनी सायकल पूर्ण जोडून मिळाली. खालच्या बाजूला काळा रंग सुरेख मारलेला, आणि वरच्या टोपीवर एक गोल स्टिकर. “सहा महिन्यांची गॅरंटी आहे, पण हा स्टिकर फाटला तर गॅरंटी गेली. उघडू नका.” हँडल जड फिरत होतं. ते विचारलं, तर म्हणाला, “नवीन फिटिंग आहे, शंभर किलोमीटरनंतर मोकळं होईल.” आवारात ब्रेक दाबून पुढे-मागे हलवून पाहिलं, आवाज शून्य. पैसे फोनवरून दिले. बिल मागितलं तर व्हॉट्सअ‍ॅपवर एक ओळ आली: कार्बन रिपेअर आणि लेबर, ९,५००.

आवाज का आला नाही, ते मला नंतर समजलं. टोपीचा बोल्ट सायकलचं वजन पेलत नाही. त्याचं काम एवढंच की चिमटा वर ओढून बेअरिंगमधली मोकळीक काढायची. पकड धरतात ते स्टेमचे, म्हणजे हँडल चिमट्याला जोडणाऱ्या तुकड्याचे, बाजूचे बोल्ट. पण टोपी गरजेपेक्षा जास्त आवळली की ढिली वाटीसुद्धा चिमटा आणि फ्रेमच्या मध्ये दाबली जाते आणि सपाट जागेवर हलत नाही. बेअरिंगवर भलता ताण येतो, हँडल जड होतं, पण आवाज लपतो. त्या माणसाला ते पक्कं ठाऊक होतं. स्टिकर त्यासाठीच होता.

ही लबाडी ओळखायची चाचणी अगदी सोपी आहे, कुठलंही हत्यार लागत नाही. सायकलचं पुढचं चाक जमिनीपासून थोडं उचला आणि फ्रेम किंचित एका बाजूला कलवा. हँडल आपोआप त्या बाजूला पडलं पाहिजे. केबल फार आखूड असतील तर थोडं अडेल, पण अर्ध्यावर घट्ट थांबलं तर टोपी जास्त आवळलेली आहे. मग आधी स्टेमचे बोल्ट आणि नंतर टोपी सैल करायला लावा, हँडल मोकळं पडेल इतपतच आवळा, स्टेमचे बोल्ट घट्ट करा आणि त्यानंतरच ब्रेक दाबून हलवून पाहा. त्या वेळी बोटं कुठे ठेवता हेही महत्त्वाचं. वाटी आणि फ्रेमच्या सांध्यावर बोट ठेवल्यावर तिथे हालचाल जाणवली, तर वाटी भोकात ढिली आहे. वाटी जागेवर आणि चिमट्याचा माथा तेवढा हलत असेल, तर फक्त बेअरिंगची मोकळीक आहे, बोल्टने निघते. आणि चिमट्याचे खालचे पाय वरच्या दांड्यांवर हलत असतील, तर तो चिमट्याच्या बुशचा, म्हणजे आतल्या झिजणाऱ्या कड्यांचा प्रश्न, हेडसेटचा नाहीच. चाक नव्वद अंशात वळवून पुन्हा हलवा, म्हणजे ब्रेकच्या पॅडची खडखड वेगळी ओळखू येते.

मी यातलं काहीच तेव्हा केलं नाही. विश्वास ठेवला.

मार्चमध्ये रावेरहून पालला गेलो. येताना उतारावर, एका वळणाआधी ब्रेक दाबला आणि हँडल हातात लचकल्यासारखं झालं. पडलो नाही. कडेला थांबून पाहिलं तर खालच्या वाटीच्या वर, त्या नव्या काळ्या रंगात नखाएवढी रेघ उमटली होती. आधीच्या रविवारी हीच सायकल माझी सोळा वर्षांची मुलगी मेहरूण तलावाच्या बाजूला फिरवून आली होती. त्या उतारावर उभं राहून मला फक्त तेवढंच आठवत होतं. पुढचे पंधरा किलोमीटर केळीच्या टेम्पोतून आलो.

घरी स्टिकर फाडला. वाटी काढली तर आत स्लीव्ह नव्हतीच. थंड पेयाच्या डब्याचा पत्रा कापून दोन वेढे गुंडाळला होता, त्याच्या आतल्या बाजूला लाल-पांढरा छापील रंग तसाच. वरून गोंदासारखं काहीतरी भरलेलं, काही जागी अजून चिकट. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पत्रा आत जावा म्हणून भोकाला कानस मारलेली. कार्बनचे धागे कापल्याच्या खुणा स्पष्ट दिसत होत्या. धातूचं भोक थोडं खरवडलं तर निदान धातू उरतो. कार्बनच्या फ्रेमची ताकद त्या न तुटलेल्या धाग्यांत असते, ते कापले की त्यांना चिकटवून ठेवणारा उरलेला रेझिन काही वजन पेलत नाही.

फ्रेम घेऊन एमआयडीसीत ओळखीच्या एका लेथवाल्या आबांकडे गेलो. पाइपच्या कारखान्यांचे सुटे भाग करण्यात त्यांचं आयुष्य गेलं, मूळचे पारोळ्याकडचे. सायकलचं काम त्यांनी कधी केलं नव्हतं. पण पहिली गोष्ट त्यांनी काय केली, तर भोक पुसलं आणि भोक आतून मोजायचं बोअर गेज लावलं. चार दिशांनी माप घेऊन कागदावर लिहिलं. आडवं ५६.१० आणि पुढे-मागे ५६.४५. मग चष्मा काढून म्हणाले, “भाऊ, हाई भोक गोल नही ऱ्हायनं आते.” मी जुनी वाटी दाखवली. ती त्यांनी मायक्रोमीटरने मोजली आणि म्हणाले की फ्रेम आधी माझ्याकडे आणली असती तर अ‍ॅल्युमिनियमची नवी वाटी केसभर मोठी करून दोन तासांत दिली असती. लंबगोल भोकात कितीही मोठी गोल वाटी घातली तरी ती दोनच ठिकाणी टेकणार. मापाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

ढिल्या वाटीवर खरा इलाज असतो, म्हणून हे लिहितोय. फट अगदी बारीक आणि फ्रेम निकोप असेल तर बेअरिंग पक्कं धरणारे द्राव मिळतात, लोक्टाइट ६४१ किंवा ६३८ यांसारखे. पण ते हवा बंद झाल्यावर आणि धातूच्या संपर्कात सुकतात. कार्बन धातू नाही, आणि अ‍ॅल्युमिनियमवर ते मंद चालतात, म्हणून त्याआधी सुकणं सुरू करून देणारा अ‍ॅक्टिव्हेटर लावावा लागतो. नाहीतर माझ्यासारखी आत ओली चिकट खीर राहते. फ्रेममध्ये आधीच अ‍ॅल्युमिनियमचं कडं चिकटवलेलं आहे का, हेही आधी पाहावं लागतं. फट जास्त असेल तर मोजून केलेली मोठी वाटी किंवा चांगल्या इपॉक्सी गोंदाने बसवलेली खरी स्लीव्ह. पंच मारून भोकाच्या कडा उठवणं हा लोखंडी सायकलचा जुना उपाय कार्बनवर कुणालाही करू देऊ नका, तडाच जाईल. फ्रेम बनवणाऱ्या कंपनीला विचारायचं तर पहिल्या मालकाने, मूळ बिलासह, आणि कुणी हात लावायच्या आधी विचारायचं. मी विचारलं तेव्हा कानशीच्या खुणा पाहून त्यांनी नकार दिला, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

त्या दुकानदाराला फोटो पाठवले. “तुम्ही उघडलंत, गॅरंटी संपली,” एवढं लिहून त्याने मला ब्लॉक केलं.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बोललो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, दुकानाच्या शहरात खेटे घालावे लागत नाहीत. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. वकील सक्तीचा नाही. ई-जागृती पोर्टलवर मी तक्रार टाकली. पक्कं बिल नसल्याने व्हॉट्सअ‍ॅपची ती एक ओळ, पैसे दिल्याची नोंद आणि नेण्याआधी मी काढलेले भोकाचे फोटो एवढंच हातात आहे. ते फोटो योगायोगाने काढले गेले होते. तुम्ही सायकल कुणाकडेही द्या, आधी आतून फोटो काढा, मापं लिहून घ्या, आणि काम झाल्यावर चिमटा बसवण्याआधी तुमच्यासमोर किंवा व्हिडिओवर भोक दाखवायला सांगा. नाही म्हणाला तर फ्रेम उचलून घरी या.

आबांनी लिहिलेला मापाचा कागद आणि तो लाल-पांढरा पत्रा मी एकाच पाकिटात ठेवला आहे. सुनावणीला दोन्ही घेऊन जाणार आहे. आबाही म्हणालेत, गेज घेऊन येतो, तिथेच मोजून दाखवतो.