अर्ध्या दरातलं केशारोपण : दहा महिन्यांनंतर, मागून बघता

रामकुंडावर काकांच्या दहाव्याला नाभिकाने डोक्यावर पाणी मारलं, वस्तरा चालवला आणि डाव्या कानामागे येऊन थांबला. "भाऊ, हे मागं उंदरानं कुरतडलंय का?" हळू बोलायची त्यांना सवय नसते. शेजारी उकिडवे बसलेले तीन चुलतभाऊ वळून बघायला लागले. मागे पायरीवर मेहुणा उभा होता. केशारोपणासाठी डोकं भादरलं तेव्हा, जानेवारीत, त्याला मी सांगितलं होतं की तिरुपतीला केस देऊन आलो. तेव्हापासून तो लाडू मागतोय.

ऑगस्ट होता, गोदेला पाणी होतं, विधी वरच्या पायऱ्यांवर चाललेला. दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी चढलं यावर दोन मिनिटं चर्चा झाली आणि मग सगळे पुन्हा माझ्या डोक्याकडे वळले. हा अनुभव लिहायचं त्या दिवशी ठरवलं.

आधी पैशाचं. गंगापूर रोडवर चौकशी केली तेव्हा ग्राफ्टला (म्हणजे डोक्याच्या मागून मुळासकट काढून पुढे लावायचा केसांचा एक पुंजका) ४० रुपये दर सांगितला. २,००० ग्राफ्टचे ८०,०००, वर १८ टक्के जीएसटी, कारण केशारोपण सौंदर्यशस्त्रक्रियेत धरतात आणि इतर उपचारांची करमाफी त्याला नाही. एकूण ९४,४००. मेडिक्लेमचं नावच नको. दुसऱ्या एका क्लिनिकमध्ये (नाव लिहीत नाही, विचारू नका) 'ट्रेनिंग मॉडेल' म्हणून १८ रुपये दर होता. शिकणारे डॉक्टर करणार, मोठे सर देखरेखीला. जीएसटीसकट ४२,४८०. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "बिल नको असेल तर टॅक्सही वाचेल." मी बिल घेतलं. ६,४८० रुपये जाताना जीव हळहळला, पण या सगळ्या प्रकरणात मी केलेली एकमेव शहाणपणाची गोष्ट तीच.

शिकाऊ हातांची मला भीती नव्हती. मी सातपूरला एका कारखान्यात क्वालिटीत आहे, आयटीआयची पोरं दरवर्षी माझ्याच हाताखाली येतात. ट्रेनीने केलेला पार्ट वाईट असतोच असं नाही. उलट जुना ऑपरेटर गप्पा मारत चालवतो, ट्रेनी घाबरून तीनदा मोजतो. आईचं हर्नियाचं ऑपरेशनही सरकारी दवाखान्यात शिकणाऱ्या डॉक्टरांनीच केलं होतं, प्रोफेसर शेजारी उभे होते, आई ठणठणीत आहे. शिवाय महाराष्ट्रभरच्या डॉक्टरांच्या पदव्या जिथून निघतात ते आरोग्य विद्यापीठ आमच्याच गावात, तेव्हा शिकणाऱ्यांना डोकं द्यायला नाशिककराने कुरकुर का करावी, असाही एक विनोद मी बायकोला ऐकवला. ती हसली नाही. तिचं म्हणणं एवढंच होतं की हर्निया काढला नसता तर आईचं बिघडलं असतं, तुझं टक्कल राहिलं तर काय बिघडणार आहे? तेव्हा मला हे बोलणं फालतू वाटलं होतं.

तयारीही केली होती. मुंबईत २०१९ मध्ये केशारोपणानंतर एका व्यावसायिकाचा मृत्यू झाला होता, ती बातमी डोक्यात होती. म्हणून ऑक्सिजन आहे का, भुलेचं इंजेक्शन कोण मोजून देणार, काही झालं तर कुठल्या हॉस्पिटलला नेणार, सगळं विचारलं. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये यावर सूचना काढल्या, त्यात यूट्यूब बघून शिकणं म्हणजे प्रशिक्षण नव्हे असं चक्क लिहावं लागलंय, तेही वाचलं. सरांचं रजिस्ट्रेशन मेडिकल कौन्सिलच्या यादीत तपासलं. पुढची रेषा कोण आखणार? सर. केस रोवायच्या चिरा कोण पाडणार? सर. झालं, मी खूश. पुढून कसं दिसेल एवढंच मी विचारत होतो. मागून केस कोण काढणार, हे विचारायचं सुचलंच नाही.

काढलं एका मॅडमनी. सत्तावीस-अठ्ठावीसच्या, जळगावकडच्या, मला काका म्हणणाऱ्या. (मी अडतीसचा आहे. टकलाचा हा खर्च कोणी मोजत नाही.) मी पालथा, तोंड उशीच्या भोकात, डोळ्यांसमोर एक फरशी आणि तिच्यावर आयोडीनचा एक थेंब. वर पंचची (मूळ गोल कापून काढणारी पोकळ सुई) मोटर घूं करायची, थांबायची, घूं करायची. पंचचं माप विचारलं तर ०.९ मिलिमीटर म्हणाल्या. या मापाच्या ड्रिलला आम्ही ट्रेनीला पहिले तीन महिने हात लावू देत नाही, ते आठवून मी डोळे मिटले. "मॅडम, तुमची ही कितवी केस?" "सहावी, काका." खोटं बोलल्या नाहीत, याचं मला आजही कौतुक आहे. एकदा नर्सला हळूच म्हणाल्या, "हा कट झाला." म्हणजे मूळ तुटलं, ग्राफ्ट वाया. असं मी नऊ वेळा ऐकलं. मोजायची सवय सुटत नाही.

सर किती वेळ होते? सकाळी रेषा आखताना, दुपारी चिरा पाडताना, आणि मधे एकदा दार उघडून "ऑल गुड?" म्हणाले तेवढे.

पहिला महिना वाईट गेला. तिसऱ्या आठवड्यात लावलेले केस गळायला लागले आणि मी मॅडमना रात्री साडेअकराला भलते मेसेज टाकले. त्यांनी शांतपणे लिहिलं की हे गळणारच, मूळ आत आहे, तीन-चार महिन्यांनी फुटेल. डिस्चार्जच्या कागदावर हेच छापलेलं होतं, मी वाचलं नव्हतं. तेव्हा लिहिलं असतं तर एक तारा दिला असता आणि तो चुकीचा ठरला असता. मे महिन्यात कपाळाच्या वर बारीक लव दिसली, जूनमध्ये ती काळी झाली. आता दहाव्या महिन्यात पुढून बघाल तर शंका घ्यायला जागा नाही. कोन बरोबर, रेषा थोडी वाकडीतिकडी, म्हणजे हवी तशी. कंपनीत आमच्या साहेबांनी तेल कुठलं लावतोस म्हणून विचारलं. पुढच्या कामाला पाच तारे.

आता उंदीर. एफयूईला (एकेक ग्राफ्ट पंचने सुटा काढायची ही पद्धत) टाके नसतात म्हणून जाहिरातीत 'व्रण नाही' असं लिहितात. व्रण असतो, पांढुरक्या ठिपक्याएवढा, प्रत्येक ग्राफ्टमागे एक. ठिपके विखुरलेले असले की आजूबाजूचे केस ते झाकतात. त्यासाठी काढताना मधले सोडत, मागच्या सगळ्या भागातून सारखे काढायचे असतात. माझ्या डाव्या कानामागे जुन्या रुपयाएवढ्या जागेत सलग काढलेत. का, ते मला नीट कळलं, कारण हे मी रोज बघतो. ट्रेनीला जिथे हात बसतो, उजेड बरोबर पडतो, तिथेच तो जास्त मटेरियल काढतो. अवघड कोपरा उद्यावर ढकलतो. त्यात त्याचा गुन्हा नसतो. मागे उभं राहून "बास, आता पलीकडे सरक" म्हणणारा माणूस लागतो. तो माणूस त्या दिवशी दुसऱ्या खोलीत नवीन पेशंटला पॅकेज समजावत होता. आणि हा पार्ट रिवर्कला टाकता येत नाही. मागचे केस म्हणजे मुद्दल आहे, काढलं तिथे परत उगवत नाही.

ऑगस्टच्या शेवटी क्लिनिकमध्ये ऑपरेशनचे कागद मागायला गेलो तर "सर बाहेरगावी आहेत" चालू झालं. चार चकरा झाल्या, एमआयडीसीतून सुटून त्र्यंबक रोडच्या गर्दीतून. पाचव्यांदा लेखी अर्ज दिला आणि त्यात लिहिलं की मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यावे लागतात, सोबत बिलाची झेरॉक्स. दुसऱ्या दिवशी मिळाले. दोन पानं. ग्राफ्ट १,८६०, म्हणजे १४० कमी आणि पैसे पूर्ण २,००० चे. तुटले किती, याचा रकानाच नाही. डावीकडून किती, उजवीकडून किती, तेही नाही. असा इन्स्पेक्शन रिपोर्ट मी आमच्या व्हेंडरच्या तोंडावर मारला असता. १४० ग्राफ्टचे जीएसटीसकट २,९७३ रुपये मी मागितले, भांडून मिळाले. रक्कम किरकोळ आहे, पण त्या दिवशी मी साधना मिसळ खाऊन आलो.

राहिला बचतीचा हिशोब. ५१,९२० वाचले होते. त्यातून काउंटरवर गळ्यात मारलेलं शॅम्पू-स्प्रे-मिनॉक्सिडिलचं किट ४,८०० (बाहेर मेडिकलमध्ये तेच औषध बरंच स्वस्त आहे), पीआरपीच्या (आपल्याच रक्तातला एक भाग वेगळा काढून टाळूत टोचतात) चार बैठका १२,०००. उरले ३५,१२०. तेवढ्यासाठी आता मागचे केस दोन बोटं लांब ठेवावे लागतात, आणि दर वेळी सलूनमध्ये सांगावं लागतं की मागे मशीन नको, कात्रीच.

यावर उपाय म्हणून सरांनी टाळूवर रंगाचे बारीक ठिपके गोंदायचं सुचवलं. दर १५,०००. मी गप्प बसलो तर म्हणाले, "तुमच्यासाठी साडेसात. आमच्याकडे नवीन फेलो आलेत, ते करतील." फेलो म्हणजे शिकायला आलेले डॉक्टर. मी विचारलं, जुन्या मॅडम कुठे? कोर्स संपवून गेल्या, त्यांच्या गावी स्वतःचं क्लिनिक टाकलंय.

घरी येऊन त्यांना फोटो पाठवला. पाच मिनिटांत उत्तर: "काका, हे माझंच आहे. त्या बाजूला मी जास्त काढले. आता आधी पेनाने चौकोन आखते आणि प्रत्येक चौकोनात मोजूनच काढते." मग आणखी एक मेसेज, ते गोंदणं घाईने करू नका, केस वाढवा, सहा महिन्यांनी बघू, माझ्याकडे आलात तर पैसे घेणार नाही. मी सहज दर विचारला. ग्राफ्टला ३५ रुपये.

गोंदणाचं अजून ठरलं नाही. मेहुण्याला लाडू आणून दिले, पंचवटीतल्या दुकानातून.