फॅमिलीसर्च : केपमधल्या कुटुंबाचा माग

जुन्या फोटोच्या पुठ्ठ्यामागे दक्षिण आफ्रिकेतल्या पोर्ट एलिझाबेथच्या स्टुडिओचे छापील नाव आणि पेन्सिलीने लिहिलेले आडनाव, एवढ्याच भांडवलावर शोध सुरू केला, तेव्हा फॅमिलीसर्च या मोफत संकेतस्थळावरील तिथल्या केप प्रांताची १८३४ पासूनची वारसाविषयक कागदपत्रे सर्वाधिक उपयोगी पडली. त्यांतली मृत्युसूचना म्हणजे जवळजवळ एकपानी वंशावळच. मृताचे आईवडील, जन्मस्थान, जोडीदार आणि मुले यांची नावे तिच्यात एकत्र सापडतात. अर्थात माहिती देणारा शेजारी असेल, तर आईवडिलांचा रकाना कोराच राहतो. केपमध्ये जन्ममृत्यूची सक्तीची सरकारी नोंदणी १८९५ मध्ये सुरू झाली असल्यामुळे, आधीच्या पिढ्यांसाठी चर्चच्या बाप्तिस्मा-नोंदी आणि ही कागदपत्रे यांवरच भिस्त ठेवावी लागते. खाते उघडणे मात्र अनिवार्य आहे.