एमबीबीएसची सीट ‘बुक’ करून देणारे पैसे कसे काढतात

नीटचा निकाल लागून चार दिवस होत नाहीत तोच पालकांचे फोन वाजायला लागतात. पलीकडच्याला मुलाचं नाव, गुण, प्रवर्ग सगळं ठाऊक असतं, कारण अशा याद्या विकत मिळतात. ‘काका, दोनशेदहा म्हणजे काही अगदीच वाईट नाहीत. डीम्डला मॅनेजमेंटमधून करून देतो. आज टोकन टाका, उद्या सीट गेली तर मला बोलू नका.’ घरात आधीच सुतकी वातावरण असतं, त्यात हा माणूस पहिल्यांदा काहीतरी आशेचं बोलतो. पैसे तिथेच सुटतात.

मुळात डीम्ड, म्हणजे अभिमत, विद्यापीठांच्या सगळ्या एमबीबीएस जागा एमसीसी, म्हणजे केंद्राची वैद्यकीय समुपदेशन समिती, ऑनलाइन भरते. शेवटची स्ट्रे व्हेकन्सी, म्हणजे उरलेल्या जागांची, फेरीही तीच घेते. महाराष्ट्रातल्या खासगी महाविद्यालयांचे प्रवेश राज्याच्या सीईटी सेलकडे असतात, आणि तिथला संस्थात्मक कोटाही नीटची गुणवत्ता डावलून देता येत नाही. म्हणजे सीट ‘धरून ठेवणारा’ ट्रस्टी, डीन किंवा एजंट असा कुणी नसतोच.

मग एजंट विकतो काय? बहुतेक वेळा तुमच्याच मुलाचा हक्क. डीम्डमधली फी बहुतेक ठिकाणी वर्षाला वीस लाखांच्या वर असल्यामुळे तिथल्या जागा सरकारी महाविद्यालयांपेक्षा कितीतरी खालच्या क्रमांकापर्यंत उतरतात. ज्याला फी परवडते त्याला अशी जागा रीतसर नोंदणी करून मिळू शकते. नोंदणीचे पाच हजार परत मिळत नाहीत, अनामत दोन लाख असते. सीट मिळवण्याचा अधिकृत खर्च एवढाच. एजंट अशा दहा-वीस मुलांकडून टोकन घेतो, सगळ्यांचे पसंतीक्रम भरतो आणि वाट बघतो. ज्यांचा क्रमांक लागला त्यांना ‘बघा, केलं की नाही’ म्हणून उरलेले लाखो मागतो. ज्यांचा लागला नाही त्यांना ‘पुढच्या फेरीत’ सांगतो. त्याचं कुठेच नुकसान नाही.

परीक्षेआधी गुण वाढवून देतो म्हणणाऱ्यांचा हिशोबही हाच. जून २०२५मध्ये सीबीआयने महाराष्ट्रातल्या दोघांना अशाच आरोपावरून अटक केली. एका विद्यार्थ्यामागे ९० लाखांची मागणी होती. मूल स्वतःच्या अभ्यासावर पास झालं की पैसे खिशात, नापास झालं की थोडे परत करून तोंड बंद. परीक्षा घेणारी एनटीए ओएमआर शीटची, म्हणजे गोल रंगवलेल्या उत्तरपत्रिकेची, स्कॅन केलेली प्रत आणि उत्तरतालिका दोन्ही उमेदवाराला दाखवते. गुण घरी बसून मोजता येतात.

गुणांबद्दलचा गोंधळ एजंटच्या पथ्यावर पडतो. पात्रतेसाठी खुल्या प्रवर्गाला ५० पर्सेंटाइल लागतं, म्हणजे निम्म्या परीक्षार्थींच्या पुढे असावं लागतं; ५० टक्के गुण नव्हे. ७२०पैकी ही रेषा २०२४मध्ये १६२ होती, २०२५मध्ये १४४. ही रेषा ओलांडली म्हणजे फक्त रांगेत उभं राहता येतं, जागा मिळत नाही. शिवाय पेपर दरवर्षी सारखा नसतो, त्यामुळे मागच्या वर्षीचे गुण लावून अंदाज बांधू नका. ऑल इंडिया रँक बघा. एमसीसीच्या संकेतस्थळावर मागच्या वर्षीच्या प्रत्येक फेरीच्या निकालाच्या पीडीएफ असतात. त्यात आपल्या रँकच्या आसपास कुणाला कुठे जागा मिळाली हे शोधायला एक संध्याकाळ पुरते, आणि फुकट.

आता अलॉटमेंट लेटर, म्हणजे जागा मिळाल्याचं पत्र. व्हॉट्सअ‍ॅपवर येणारं पत्र दिसायला झकास असतं: वर राजमुद्रा, खाली शिक्का, मध्ये मुलाचं नाव ठळक अक्षरांत. एमसीसीच्या निकालाच्या यादीत मात्र रँक, कोटा, संस्था आणि अभ्यासक्रम असतो. त्या यादीत आपला रँक नसेल तर पत्र खोटं, मग त्यावर कितीही शिक्के असोत. खरं पत्र उमेदवाराच्या स्वतःच्या लॉगिनमधूनच उतरवता येतं. म्हणून नोंदणी करताना मोबाइल आणि ईमेल स्वतःचाच द्या. एजंटचा नंबर असेल तर ओटीपी त्याच्याकडे जातो, आणि पसंतीक्रम त्याच्या कमिशनच्या सोयीने लॉक होतो. पहिल्या फेरीतली जागा सोडली तर अनामत वाचते, दुसऱ्या फेरीपासून ती जप्त होते. स्ट्रे फेरीत मिळालेली जागा नाकारली तर पुढच्या वर्षीच्या नीटलाही मुकायची वेळ येते. हे सगळं मुलाच्या नावावर होतं, एजंटच्या नाही.

‘कॉलेज दाखवतो’ म्हणून पालकांना थेट आवारात नेतात. रुग्णालयाच्या ओपीडीत कुणीही शिरू शकतं. गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक माणूस तिथे भेटतो, ‘सरांचा पीए’ म्हणून ओळख होते, कँटीनमध्ये चहा होतो आणि तिथेच फाइल त्याच्या हातात जाते. फाइलमध्ये बारावीची मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला असतो. सगळ्यात जास्त छळ याच कागदांवरून होतो. दुसरीकडे बीडीएस किंवा बीएएमएसला रीतसर जागा लागली तरी मूळ कागद हातात नसतात, आणि ते सोडवायला आणखी पैसे मागितले जातात. कोऱ्या सह्यांचे चेक दिले असतील तर वर चेक बाउन्सच्या केसची धमकी. पाचशेच्या स्टॅम्प पेपरवरचा नोटरी करारही वाचून बघा: त्यात ‘प्रवेश’ हा शब्दच नसतो, ‘शैक्षणिक सल्ला शुल्क, परत मिळणार नाही’ असं असतं.

एनआरआय कोट्याचा सौदा याहून घातक आहे. दुबईतला कुणीतरी ‘मामा’ उभा करतात, दूतावासाचं पत्र बनवतात. खोट्या कागदावर घेतलेला प्रवेश तिसऱ्या वर्षातही रद्द होऊ शकतो, आणि गुन्हा विद्यार्थ्यावरही दाखल होतो. पंजाबने लांबच्या नातेवाइकांना या कोट्यात घ्यायचा प्रयत्न केला, तेव्हा सप्टेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला सरळ फसवणूक म्हटलं.

‘नीट नको, परदेशात एमबीबीएस’ म्हणणाऱ्याला एवढंच विचारा: अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजी माध्यमातला, वर त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप, आणि त्या देशात डॉक्टरकीचा परवाना मिळेल अशी पदवी, हे चारही लेखी देतोस का? राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१च्या नियमांत हे आहे. नीटची पात्रता तर लागतेच, आणि परत आल्यावर एफएमजीईत, म्हणजे परदेशी पदवीधरांच्या परीक्षेत, ३००पैकी १५० गुण मिळवावे लागतात.

ज्याचे गुण खरंच कमी आहेत त्याला पुन्हा बसायला कमाल वयाची अट नाही, प्रयत्नांची मर्यादा नाही. एजंटच्या टोकनपेक्षा कमी पैशांत रिपीटरचं वर्ष होतं.

पैसे गेले असतील तर लाजेपायी गप्प बसू नका. ‘आपणही मागच्या दाराने जायला निघालो होतो’ ही पालकांच्या मनातली बोच हेच या लोकांचं भांडवल आहे. ऑनलाइन पाठवले असतील तर त्याच तासात १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा, म्हणजे पुढच्या खात्यात पोचलेली रक्कम गोठवता येते. बँकेलाही लेखी कळवा. व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश पुसू नका, कॉल रेकॉर्डिंग, पावत्या आणि खात्याचा उतारा तारखेनुसार लावा. तक्रार भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४)खाली, म्हणजे फसवणुकीची, होते, आणि गुन्हा दुसऱ्या हद्दीत घडला म्हणून ठाण्याला ती नाकारता येत नाही. नाकारली तर पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवा, तिथेही हललं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. मूळ कागद अडकले असतील तर तक्रारीची प्रत जोडून त्याच दिवशी विभागीय मंडळाकडे दुय्यम गुणपत्रिकेचा आणि शाळेकडे दुय्यम दाखल्याचा अर्ज टाका, कारण फेरीची तारीख कुणासाठी थांबत नाही.