7555 म्हणून विकलेला साधा 555 आणि खराब झालेल्या एलसीडी काचा

सीमॉस 7555 (555 या टायमर आयसीचा खूप कमी करंट घेणारा प्रकार) म्हणून आलेल्या आयसी प्रत्यक्षात साध्या, जुन्या पद्धतीच्या बायपोलर 555 निघाल्या. मूळ छाप घासून, वर काळा लेप देऊन नवा नंबर उठवलेला. विक्रेत्याने हात झटकले. पैशांपेक्षा मोठं नुकसान म्हणजे त्यांच्यावर बांधलेल्या, एलसीडी तपासायच्या टेस्टरने चांगल्या एलसीडी काचा खराब केल्या.

ही लबाडी पटकन कळत नाही, कारण टेस्टर चालतो. त्याचं सर्किट असं: टायमरच्या पिन 2 आणि 6 एकत्र, तिथून ग्राउंडला 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, पिन 3 पासून त्याच जोडावर 100 किलोओम, पिन 7 मोकळी. खऱ्या 7555 वर सुमारे 72 हर्ट्झ मिळतात आणि वेव्हचे वरचा आणि खालचा असे दोन्ही भाग जवळपास सारखे असतात. ही वेव्ह कॉमनला (काचेच्या सामायिक टोकाला) आणि तिची उलटी सेगमेंटला (आकड्याच्या एकेका रेघेला) दिली की आकडे उमटतात.

बायपोलर 555 चं आउटपुट मात्र सप्लायच्या 5 व्होल्टपर्यंत चढतच नाही. ते 3.7 व्होल्टवर थांबलं असं धरा. कपॅसिटरला 3.33 व्होल्टपर्यंत (सप्लायच्या दोन तृतीयांश) जायचं असतं, म्हणून चार्जिंग रेंगाळतं. वेव्ह सुमारे 71 टक्के वेळ वर राहते आणि वारंवारता 42 हर्ट्झच्या आसपास उतरते. काचेवर सरासरी 1 व्होल्टहून जास्त डीसी, म्हणजे एकाच दिशेचा व्होल्टेज, बसतो. एलसीडीला साधारण 50 मिलिव्होल्टच्या वर डीसी नको. आकडे तरीही ठळक दिसतात! आत इलेक्ट्रोलिसिस चालू असतं आणि सेगमेंट कायमचे फिके पडतात.

म्हणून आयसी लावण्याआधी करंट मोजा. पिन 8 आणि 4 ला 5 व्होल्ट, पिन 1 ग्राउंड, पिन 2 आणि 6 प्लसला, आउटपुट मोकळं, सप्लायच्या वाटेत मिलिअँपिअर मीटर. सीमॉस असेल तर मिलिअँपिअरचा छोटासा अंश दिसतो. 3 मिलिअँपिअरच्या आसपास आकडा आला की तो बायपोलर. ॲसिटोनचा बोळा काळा झाला तर लेप उघडा पडतो, पण काही लेप ॲसिटोनलाही दाद देत नाहीत. 3 व्होल्टवर चालवून बघणंही पुरेसं नाही. बायपोलरची हमी 4.5 व्होल्टपासून असली तरी एखादा खालीही चालून जातो. तक्रारीसाठी काही आयसी न वापरता, छापाच्या फोटोसह बाजूला ठेवा.

टेस्टरमध्ये 4013 (वेव्हची वारंवारता निम्मी करणारी फ्लिप-फ्लॉप आयसी) घालाच. 100 किलोओमचा रेझिस्टर 47 किलोओम करा, टायमरच्या पिन 3 चं आउटपुट 4013 च्या पिन 3 ला द्या, त्याची पिन 5 पिन 2 ला जोडा, 4 आणि 6 ग्राउंडला. उरलेल्या अर्ध्या भागाच्या 8, 9, 10, 11 सुद्धा ग्राउंडला. मोकळ्या सोडू नका. 4013 च्या पिन 1 आणि 2 वर एकमेकींच्या उलट आणि समान भागांच्या वेव्ह मिळतात, टायमरची वेव्ह कितीही वाकडी असो; खऱ्या 7555 वर त्या सुमारे 77 हर्ट्झच्या असतात. 3 व्होल्टच्या काचेसाठी सप्लाय 3 व्होल्टच ठेवा; तिथे अस्सल सीमॉसच लागतो. काच जोडण्याआधी या दोन पिनांमध्ये मीटर डीसीवर लावा आणि 50 मिलिव्होल्टच्या वर काही दिसलं तर काच जोडू नका.