पेस्ट कंट्रोलची नोकरी, बारा हजार आणि माझी डिग्री

मी कळव्याचा. केमिस्ट्री घेऊन बीएस्सी केलं, वर्षभर नोकरी नव्हती. व्हॉट्सॲपवर जाहिरात आली: पेस्ट कंट्रोल कंपनीत टेक्निकल सुपरवायझर, बीएस्सी केमिस्ट्रीवाल्यांना प्राधान्य, पगार बावीस हजार. ऑफिस तुर्भ्याला. ठाण्याहून वाशीची लोकल पकडून दुसऱ्याच दिवशी गेलो.

भिंतीवर फ्रेम केलेली सर्टिफिकेटं, टेबलावर झुरळांच्या जेलच्या ट्यूब, कोपऱ्यात स्प्रे पंप. समोरचे साहेब अगदी आदराने बोलले. म्हणाले, "सरकारी लायसन्स तुमच्या नावाने काढावं लागेल. ट्रेनिंग धरून बारा हजार. पहिल्या तीन पगारांत परत मिळतील." ओरिजिनल डिग्रीही व्हेरिफिकेशनसाठी ठेवून घेतली. आईने भिशीचे पैसे दिले, मी तिथेच यूपीआयने पाठवले. पावती मागितली, तर ईमेलवर येईल म्हणाले. ती आलीच नाही.

ट्रेनिंग म्हणजे काय, तर तीन दिवस एका मुलाबरोबर घणसोली-कोपरखैरणेच्या सोसायट्यांत फिरलो. वाळवीसाठी भिंतीच्या कडेने भोकं पाडून औषध सोडायचं, किचनमध्ये जेलचे ठिपके द्यायचे. मास्क नाही, हातमोजे नाहीत. औषधाच्या मूळ बाटलीवर विषारीपणा दाखवणारा लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा यांपैकी एका रंगाचा त्रिकोण असतो. इथे सगळं औषध पाण्याच्या जुन्या बाटल्यांत भरलेलं, लेबलच नाही. केमिस्ट्री शिकलेल्या माणसाला तेव्हाच कळायला हवं होतं. मी गप्प बसलो, कारण नोकरी हवी होती. चौथ्या दिवशी फोन बंद, ऑफिसला कुलूप. शेजारचा गाळेवाला म्हणाला, जागा महिन्याच्या भाड्यानेच होती.

ठाण्याच्या कृषी खात्याच्या ऑफिसात चौकशी केली तेव्हा खरा प्रकार उलगडला. कीटकनाशक कायदा 1968 चा आणि त्याखालचे नियम 1971 चे. पेस्ट कंट्रोलचा धंदा करायचा असेल तर लायसन्स धंदा करणाऱ्याने काढायचं असतं, कृषी खात्याकडून. त्यासाठी कृषी पदवीधर किंवा केमिस्ट्री घेतलेला विज्ञान पदवीधर लागतो, आणि त्याचं किमान 15 दिवसांचं ट्रेनिंग म्हैसूर, हापूड किंवा हैदराबादच्या सरकारी संस्थेसारख्या मान्य ठिकाणी झालेलं असावं लागतं. तुर्भ्याच्या गाळ्यात तीन दिवसांत ते होत नाही. नोकरी करणाऱ्याने लायसन्सचे पैसे भरायचे नसतातच.

म्हणजे त्यांना माझ्या बारा हजारांइतकीच माझी डिग्रीही हवी होती का? हा विचार मला अजून झोपू देत नाही. माझ्या पदवीवर कुठेतरी कुणी लायसन्स मागितलं आणि लेबल नसलेल्या औषधाने एखाद्या घरात लहान मुलाला काही झालं, तर कागदावर नाव माझं असेल. म्हणून कृषी खात्याला लेखी अर्ज दिलाय: माझ्या कागदपत्रांवर कुणी अर्ज केल्यास मला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. पोचपावती घेतली आहे.

पैसे गेल्यावर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायला हवा होता, मी सहा दिवस त्यांच्या फोनची वाट पाहण्यात घालवले. तुम्ही इंटरव्ह्यूला गेलात तर आधी कंपनीचं लायसन्स मागा, त्यावरचा नंबर आणि पत्ता लिहून घ्या आणि कृषी खात्यात विचारा. ओरिजिनल दाखवा, हातातून सोडू नका. झेरॉक्स दिलीत तर तिच्यावर कशासाठी दिली ते आणि तारीख आडवी लिहून सही करा.

पोलिसांत तक्रार दिली आहे. डिग्रीच्या दुय्यम प्रतीसाठी उद्या विद्यापीठात कलिनाला जातोय.