गणिताची ठोकळ्यांची पेटी: माळ भारी, बाकी ठीकठाक

लेक दुसरीत आहे, तिच्यासाठी आप्पा बळवंत चौकातनं गणिताची पेटी आणली. शंभर मण्यांची माळ, दशकाचे दांडे, सुटे ठोकळे, शंभराची पाटी आणि अंकांची कार्डं, सगळं हजार रुपयांच्या आत. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही.

माळ एक नंबर. दहा लाल दहा पांढरे असे आलटून पालटून मणी, त्यामुळे ४७ दाखव म्हटलं की पोरगी एकेक मोजत बसत नाही, चार रंग सोडले की पुढचे सात, झालं. आम्ही ती भिंतीवर ताणून बांधली आणि कपड्याचा चिमटा लावला, आता ३८ मध्ये ५ मिळवायचे तर आधी दोन घेऊन ४० ला जाते मग तीन पुढे, हे तिला कोणी सांगितलेलं नाही.

हातच्याच्या वजाबाकीला ठोकळे कामी आले. ४२ वजा १७ चं उत्तर ३५ लिहायची, दोनातनं सात जात नाहीत ना, मग सातातनं दोन काढायचे, बऱ्याच मुलांचं असंच होतं. चार दांडे दोन सुटे ठेवले, म्हटलं आता सतरा दे मला. आधी दांडा मोडायलाच गेली, तो अखंड प्लास्टिकचा, कसला मोडतोय, मग डब्यातनं दहा सुटे आणून बदलून घेतला, "आता बारा झाले!" म्हणाली. दांडा मोडत नाही, म्हणून पहिलीसाठी घेणार असाल तर एकमेकांत अडकणारे, सुटे होणारे ठोकळे बघा.

कार्डं बरी आहेत, ६० वर ३ ठेवलं की ६३ दिसतं, त्रेसष्ट ऐकून ३६ लिहिणाऱ्यांना उपयोगी. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात साठ तीन असं वाचन दिलं तर केवढा गदारोळ झाला होता आठवतंय ना, इथे तेच गुपचूप होतं 😄

शंभराच्या पाटीवर मात्र वैताग आला. दहा दांडे शेजारी शेजारी लावले तर पाटीच्या बाहेर येतात, मग दहा दशक म्हणजे एक शतक हे पोराला पटणार कसं? सुटे ठोकळेही कमीच दिलेत. पत्रकातलं मराठी तर विचारूच नका.

साडेतीन स्टार, तेही माळेमुळे. आणि माळ काय, दोन रंगांचे मणी नि नायलॉनचा दोरा आणून घरीच ओवता येते, दशकांसाठी झेडपीच्या शाळांत काड्यांचे रबर लावून गठ्ठे करतात तेच करा, ते सोडता तरी येतात.